चौथ्या खाटेचा भार

सोमवार, ३ मार्च
आजपासून मी इस्पितळाचा जनरेटरवाला! आई वर अतिदक्षता विभागात, चौथ्या खाटेवर, श्वासाच्या मशीनवर; म्हणजे नोकरीही झाली आणि दिवसातून चारदा आईही दिसणार. एका दगडात दोन पक्षी. खोलीला डिझेलचा वास, पण खोली नीटनेटकी. खटकलं ते एकच: इंजिनामागे उगीच लटकणारा बल्ब, आणि खाली खोकंभर उडालेले बल्ब. निवृत्त झालेले ऑपरेटरकाका जाताना बजावून गेले, की जनरेटर सुरू होण्याआधी दर वेळी नवा बल्ब लावून ठेवायचा. कारण विचारलं तर म्हणे, लावायचा म्हणजे लावायचा. म्हातारपणाचं खूळ, दुसरं काय! होल्डरसकट काढून टाकला.

गुरुवार, ६ मार्च
दुपारी वीज गेली. आठ सेकंदांत जनरेटरने सगळा भार उचलला, माझी छाती फुगली. पाच मिनिटांनी भाराचा काटा मात्र दोन घरं खाली आला. मग वरून सिस्टरांचा फोन. दुसऱ्या खाटेचं मशीन अचानक बंद पडलं, पेशंट गेले. मशीन तपासलं, बिघाड काहीच नाही.

शनिवार, ८ मार्च
पुन्हा वीज गेली, पुन्हा काटा दोन घरं घसरला. या वेळी मीच फोन करून विचारलं, कोणतं मशीन बंद पडलं? सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं? तिसरी खाट, तेही पेशंट गेले. दुसरी झाली, तिसरी झाली; पुढची चौथी, आईची.

रविवार
काकांच्या घरी गेलो. त्यांनी दारातच विचारलं, बल्ब लावता ना? होल्डरसकट काढून टाकल्याचं सांगितलं. म्हणाले, तो सुरू झाला की त्याला काहीतरी एक विझवायला लागतं. मी बल्ब देत होतो. आता माणसाची चटक लागली म्हटल्यावर—

मंगळवार, ११ मार्च, सकाळी
बारा बल्ब लावले. सिस्टरांच्या पाया पडून सांगितलं, वीज गेली की आईला मशीनवरून काढा, हाताने फुगा दाबून श्वास द्या. वेडा म्हणाल्या, पण हो म्हणाल्या.

११.४० वीज गेली. बल्ब सगळे पेटलेत. एकही उडत नाही.

११.४५ काटा दोन घरं खाली. चौथं मशीन बंद, पण रिकामंच होतं. आई ठीक आहे! ढसाढसा रडलो.

११.४७ काटा पुन्हा— पाचवी खाट.

११.४९ सहावी. थांबत नाही. त्याच्या तोंडचं मी काढून घेतलं म्हणून—

बंद करावा तर वरची सगळीच—

सातव्या खाटेवर शाळेत जाणारी मुलगी आहे. वीज येत नाही. एका हातात पेन, एका हातात फोन. सिस्टरांनी उचलला. सांगतोय, आईला परत मशीनवर—