फुलांचं घमेलं

जव्हार, रविवार संध्याकाळ

माजी सैनिकांच्या संचलनावर फुलं उधळायला जेसीबी कशाला लागतो? आज फुलांसोबत वरून लोखंडी घमेलंही आलं, थेट जामसरच्या हवालदारकाकांच्या डोक्यावर. काका रस्त्यातच बसले, टोपी रक्ताने भिजली, आणि माइकवरून आयोजक सांगतोय, "टाळ्या थांबू देऊ नका." कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत शिकवलेली सभ्यता मी तिथेच सोडली. त्याचा माइक हिसकावला, काकांना रिक्षात बसवलं, घमेलंही उचललं.

दवाखान्यात डॉक्टर टाके घालत होते, तेव्हा काका हसत होते. "बाई, सरहद्दीवरून धड आलो, आणि जव्हारच्या नाक्यावर फुलांनी पाडलं." मला हसू आलं नाही.

आत्ता आयोजकाचा फोन आला. वाटलं, काकांची चौकशी करेल.

"मॅडम, ते घमेलं तुमच्याकडे आहे का? मंडपवाला मागतोय."

"आहे," म्हटलं. "स्वतः न्यायला ये. येताना हेल्मेट घाल."