गळ्यातला माईक

दि. ७ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

भावोजींचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. आता जिना पळत चढायची घाई त्यांना करू देऊ नकोस.

तू माझ्यामागे लावून दिलेल्या यंत्राची हकीकत विचारलीस. तुझ्या दवाखान्यात रोज दहा जणांच्या कानांना मशीन बसतात, तुला ते सोपं. इथे तास पस्तीस मिनिटांचा. माईक मी गळ्यात अडकवायचा, आठवीतल्या आमच्या कॅप्टनने कानातल्या मशीनला रिसीव्हर लावायचा, आणि जोडणी होईपर्यंत ऐकू येतंय का म्हणून मी विचारत राहायचं. सात मिनिटं तिथेच गेली. शिवाय प्रत्येक व्हिडिओखाली बोलणं लिहून काढा. (कॅप्टन म्हणजे तीच, कमी ऐकू येणारी मुलगी. व्हॉलीबॉलच्या संघामुळे सगळे तिला तसंच म्हणतात.) बाकीच्या तुकड्या पुढे गेल्या, मी अजून आरशाच्या धड्यावरच. गळ्यात लोढणं बांधलेल्या गुरासारखा वर्गात फिरतो.

आणि गंमत बघ, एवढं करून बाईसाहेबांनी मंगळवारपासून रिसीव्हर लावणंच सोडलंय. विचारलं तर डोकं दुखतं असं वहीत लिहून दाखवते आणि मागच्या बाकावर पुस्तकात मान घालून बसते. खरं सांगू? माझी सात मिनिटं वाचली. यंत्र ऑफिसात परत करू का, ते कळव.

लोभ आहेच, आधी ओरडून घे, मग वाढव.

तुझा,
छोटू

दि. १२ ऑगस्ट

चि. छोटूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं लोढणं वाचून मी खूप हसले. ह्यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. मग पत्राची घडी घालताना तो मंगळवार मनाला टोचला.

अरे, डोकं दुखलं की मुलं कानातलं मशीनच काढून ठेवतात. नुसता रिसीव्हर काढत नाहीत. म्हणजे तिला बाकी सगळं ऐकायचंय, तुझा माईक तेवढा नकोय.

तास संपला की तू माईक बंद करतोस ना? की तसाच गळ्यात घालून हिंडतोस? त्यातलं बोलणं भिंतीपलीकडेही थेट तिच्या कानात पोचतं. त्याआधीच्या सोमवारी तू कुठे होतास, काय बोललास, ते नीट आठव. आणि ते लोढणं तू फक्त मलाच लिहिलंस, की आणखी कुठे बोललास?

उलट टपाली लिही. माया आहे म्हणूनच खोदून विचारतेय.

तुझी,
ताई

दि. १६ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

आज पुढचं वि. वि. लिहायला हात उचलत नाही.

बंद करत नव्हतो. दुपारच्या तासाला पुन्हा जोडत बसायला नको, म्हणून मधल्या सुट्टीतही चालूच ठेवायचो. यंत्र बसवायला आलेला माणूस काय सांगत होता ते मी ऐकलंच नाही, तेव्हा वह्या तपासत होतो.

सोमवारी सुट्टीत स्टाफरूममध्ये भूगोलाच्या बाईंनी विचारलं की आठवी मागे का पडलीय. मी म्हणालो, एका पोरीपायी चाळीस पोरांचं नुकसान चाललंय, ऐकू येत नाही तर घाला की वेगळ्या शाळेत, आमच्या गळ्यात हे लोढणं कशाला. सगळे हसले. मला चेव आला. मी तिच्या बोलण्याची नक्कल केली. पुन्हा हसले, म्हणून पुन्हा केली.

तुला लोढणं लिहिलं ते यंत्राबद्दल होतं. तिथे बोललो ते तिच्याबद्दलच. यातून पळवाट काढत नाही.

ती सुट्टीत वर्गातच डबा खाते. मधे फक्त एक भिंत. आणि इतके दिवस मी हे तिचे नखरे समजत होतो. तिच्या आईला चिठ्ठी लिहू का? पोरीसमोर जायला तोंड नाही.

काय वाटेल ते बोल, पण तोडू नकोस.

छोटू

दि. २० ऑगस्ट

चि. छोटूस आशीर्वाद, पण आज रागातले.

नक्कल केलीस ते वाचलं आणि पत्र बाजूला ठेवलं. मग आठवलं, त्या ‘लोढणं’ शब्दावर मीही हसले होते. तीस वर्षं हेच काम करतेय, आणि तरी हसले. वरच्या पायरीवर उभं राहून तुला बोल लावायला मलाही जागा उरली नाही.

चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. स्वतः जा. उजेडात उभा राहा, तोंडासमोर हात आणू नकोस, सावकाश बोल, तिला तुझे ओठ दिसू देत. वेळेची सबब सांगू नकोस. आणि रडायचं नाही. तुझी समजूत काढणं हे तिचं काम नव्हे. मग मुख्याध्यापिका आणि तिची आई, दोघींनाही सांग.

रागावले तरी तुझीच,
ताई

दि. २९ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत खिडकीपाशी, दार उघडं ठेवून, तिला सगळं सांगितलं. तिने वही पुढे ओढली. नक्कल ऐकल्यापासून माझ्यासमोर बोलतच नाही, वहीत लिहिते.

तिने लिहिलं की त्या दिवशी आधी तिला फार मजा वाटली. खुर्च्या सरकल्या, नळ सुटला, कुणीतरी शिंकलं. आपण नसलेली खोली तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मग तिचा विषय निघाला. रिसीव्हर लगेच काढावासा वाटला, पण ती थांबली. कुणीतरी तिच्या बाजूने बोलेल म्हणून. सुट्टी संपेपर्यंत थांबली.

ताई, कुणीच बोललं नव्हतं.

मुख्याध्यापिकांनी लेखी समज दिली. स्टाफरूममध्ये मी उभा राहून सगळं सांगितलं, तेव्हा भूगोलाच्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिची आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, की पोरगी घरी यंत्र बिघडलंय असंच सांगत होती. मला पाठीशी घालत होती, ताई.

आता मी शाळेत अर्धा तास आधी जातो. व्हिडिओखालचा मजकूर तिथेच लिहितो. रिसीव्हर ती पुन्हा लावते, पण तिच्या अटीवर. घंटा झाली की ती बाकावरून उठते आणि चाळीस पोरांदेखत माझ्यासमोर हात पुढे करते. मी माईक गळ्यातून काढून तिच्या हातावर ठेवतो. बंद तीच करते.

काल मी विचारलं, आज नीट ऐकू आलं का. तिने मान डोलावली, आणि बटण खरंच बंद झालंय ना, ते पुन्हा एकदा दाबून बघितलं.

तुझा लोभ मागायचा मला संकोच वाटतो, तरी मागतो.

छोटू