सायकल पाठवता येत नाही, त्याचे कारण

ती. ताई,

नमस्कार. एकाच हाताचा आहे, गोड मानून घे. दुसरा गळ्यात टांगलेला आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला जिथे होता तिथेच असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे, म्हणजे मनगटातलं एक हाड मोडलं, गुडघा सोलवटला आणि पुढच्या दाताचा टवका उडाला, एवढं सोडलं तर. अक्षर मात्र नेहमीइतकंच वाईट आहे, कारण मोडला तो डावा हात. (कागद सरकतो म्हणून त्यावर इस्त्री ठेवली आहे. थंड.)

मागच्या पत्रात तू लिहिलंस, की हिची सायकल आठ महिने जिन्याखाली नुसती उभी आहे, ती तुझ्या लेकीला पाठवून दे, वस्तू वापरात राहिली की दुःख हलकं होतं. हिची छत्री, स्वेटर आणि दोन चष्मे मी तू सांगितल्याप्रमाणे देऊन टाकले. दुःख हलकं झालं नाही, कपाट झालं. सायकलीचं मात्र जमणार नाही. तिचे ब्रेक निकामी आहेत. हे मला कसं कळलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे मी वस्तू अडवून बसलोय असा तुझा गैरसमज व्हायला नको.

आमच्या घराकडून बाजारात जाणारा उतार तुला आठवत असेल. पाण्याच्या टाकीपाशी सुरू होतो, बेकरीपाशी संपतो, आणि बेकरीच्या पुढे गोदामाची भिंत आहे. सव्वीस वर्षं मी इस्पितळात लोकांच्या हातापायांना प्लास्टर घालतोय, आणि त्यातलं निदान चार वर्षांचं काम मला या एकट्या उताराने पुरवलं आहे. पेशंट दारातून आत येतानाच मी सांगतो, काय झालं ते. घाबरून पुढचा ब्रेक दाबणारा मनगट धरून येतो, मागचा दाबणारा लंगडत येतो, आणि कुठलाच न दाबणारा स्ट्रेचरवरून येतो. (डॉक्टर नंतर फोटो काढून तेच सांगतात, फक्त इंग्रजीत.) म्हणून नोकरीला लागल्यापासून मी हिला बजावत आलो, की उतारावर सायकल हातात धरून चालत जायचं. ही ‘हो’ म्हणायची. इतक्या चटकन ‘हो’ म्हणायची, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण नऊला घरातून निघायची आणि साडेनऊला खाली शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला हजर व्हायची. चालत अर्धाच तास लागतो, मी स्वतः मोजला आहे. माझा हिशेब चोख होता.

तर गेल्या शनिवारी मी पाव आणायला गेलो. आमचा बेकरीवाला इतक्या वर्षांत माझ्याशी पाव सोडून दुसऱ्या विषयावर बोलला नव्हता. त्या दिवशी एकदम म्हणाला, “बाई गेल्यापासून सकाळ सुनी सुनी वाटते हो.” मी म्हटलं, ती तर तुमच्याकडे कधी पाव घ्यायची नाही. तर म्हणाला, “घेतील कधी? सवड होती का त्यांना! वरून सुसाट यायच्या, दोन्ही पाय पेडलवरून काढून. इथे दारासमोर कचकन ब्रेक मारायच्या, सायकल वळवायच्या आणि ढकलत पुन्हा वर. रोज दोनदा! दुसऱ्यांदा तर हसतच यायच्या.”

ताई, मी पाव तिथेच विसरून घरी आलो. माणूस गेल्यावर त्याच्या भानगडी बाहेर येतात म्हणतात. माझ्या नशिबी हिचं हसू बाहेर आलं, आणि तेही बेकरीवाल्याकडून. मला फार वाईट वाटलं. मग रागही आला. एकतीस वर्षांत एकदा तरी सांगायचं! सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? (भाषण दिलं असतं. मला माहीत आहे.)

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सात वाजता, रस्त्यावर कोणी नसताना, मी हिची सायकल टाकीपर्यंत ढकलत नेली. सायकल बायकी, पुढे टोपली, सीट माझ्या मानाने बुटकी. गुडघे हनुवटीला लागत होते. मी मनात म्हटलं, हिने नक्की काय बघितलं ते एकदा बघायचं आणि गुपचूप घरी जायचं. बसलो, पाय पेडलवरून काढले, आणि सोडली. पहिले पन्नास-साठ फूट काहीच झालं नाही. मग चाकाची टिकटिक ऐकू येईनाशी झाली, नुसती एक घरघर राहिली. शर्टात वारा भरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बाजूची कुंपणं एकात एक मिसळली, आणि टोपली इतकी थडथडायला लागली, की तीच आधी पोचते की काय असं वाटलं. मी जोरात ओरडलो. काय ओरडलो माहीत आहे? ‘अगं!’ एवढंच. मला मजा आली, ताई. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं, की ही नसताना मला मजा कशी येते. तेवढ्यात बेकरी आली, ब्रेक निकामी निघाले आणि मी पडलो.

पुढचे हाल विचारू नकोस. रविवारी प्लास्टरच्या खोलीत ड्यूटीला आमचा लंबू. त्याचं आणि माझं सव्वीस वर्षं पटत नाही, कारण तो कापूस कमी लावतो आणि पट्टी नीट पिळत नाही. त्याने माझं मनगट दाबून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. (हे त्याच्या स्वभावात बसत नाही.) माझं मोडलंय ते अंगठ्याच्या बुडाशी असलेलं बारीकसं हाड; त्याला प्लास्टर घालताना अंगठा हातात ग्लास धरल्यासारखा ठेवावा लागतो. मी टेबलावर पडल्या पडल्या सूचना देत होतो, कापूस वाढव, पाणी पीळ, अंगठा असा नको, असा! ‘असा’ दाखवताना मी अंगठा वर केला, त्यावरून आमचं वाजलं, आणि भांडण संपेपर्यंत प्लास्टर सुकलं होतं. कापून पुन्हा घालता आलं असतं, पण मग चूक कोणाची हे ठरवावं लागलं असतं, आणि तेवढा मोठेपणा दोघांतल्या कोणाकडेच नव्हता.

त्यामुळे सध्या माझा अंगठा सरळ वर आहे. सहा आठवडे. कोणी विचारतं, घरी एकटे कसं काय भागवता, आणि मी उत्तर देण्याआधीच अंगठा ‘झकास’ म्हणून मोकळा होतो. परवा पोस्टमन त्याची आई अत्यवस्थ आहे ते सांगत होता. मी मान खाली घालून ऐकत होतो, अंगठा वर. इस्पितळात सगळे म्हणतात, बरं झालं बाबा, सावरलास एकदाचा. 

असो. भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. तिला म्हणावं, दुसरी सायकल बघ.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. सायकल दुरुस्तीवाल्याकडे टाकली आहे. पण ब्रेक गेलेली सायकल पोरीच्या हातात द्यायला माझं मन धजणार नाही, तेव्हा हा विषय आता नको.

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात दुरुस्तीवाला सायकल घेऊन आला. म्हणतो, “ब्रेक नव्यासारखे आहेत साहेब, नुसते टोपलीचे पोचे काढलेत.” ब्रेक लागला होता, हे लंबूलाही मनगट बघूनच कळलं होतं. तुलाही कळलंच असेल. लहानपणी माझ्या थापा तूच पकडायचीस. तर ऐक. बेकरीपर्यंत मी ब्रेक दाबला नाही तो हिच्यासाठी. बेकरीपाशी दाबायचा होता, तिथेही दाबला नाही, आणि तो हिच्यासाठी नव्हे. समोर भिंत दिसत होती. घरी कोणी वाट बघत नव्हतं. मी म्हटलं, येऊ दे. आणि मग उजव्या हाताने मला न विचारता पुढचा ब्रेक आवळला. वेगाने मला काही केलं नाही, ताई. हाड मोडलं ते थांबल्यामुळे. रस्त्यात पडल्या पडल्या मी रडलो, आणि बेकरीवाल्याला वाटलं, हात दुखतोय.

ता. क. ३. सायकल मी कोणालाच देणार नाही. तूच चार दिवस इकडे ये. भावोजींना सांग, त्याचा हात मोडलाय, स्वयंपाक जमत नाही. (जमतो. पण खाववत नाही.) मी बोलावलं असं सांगू नकोस. रविवारच्या दुपारच्या बसने ये, मी स्टॉपवर उभा असेन. तुला लांबून माझा अंगठा वर दिसेल. त्याचं खरं मानू नकोस.