मुकादम घरात येत नाही

सौ. आक्कास,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या तळहाताला पट्टी बांधलेली आहे, पण जोडता येतात, हाताचं पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस ना? भावोजींचा रक्तदाब जागेवर आहे ना? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे 'आम्ही सगळे' म्हणजे घरात सध्या मी आणि ही, दोघंच आहोत. बाबा समोर राहायला गेलेत. घाबरून उठू नकोस, गुडघ्याला ते बरं नाही. समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीतल्या सोफ्यावर. बाबांचे दात ठणठणीत आहेत. प्रश्न कुत्र्याचा आहे. मुकादम घरात येत नाही, आणि मुकादम येत नाही तोवर बाबाही येत नाहीत, एवढाच विषय आहे, आणि तो माझ्या जिवाला लागला आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू पहिलंच वाक्य 'आता काय करून ठेवलंस?' असं टाकतेस, आणि मग मला मी न केलेल्या गोष्टीही आठवायला लागतात. पत्रात निदान मला क्रमाने बोलता येतं.

सर्वांत आधी भावोजींना सांग, की त्यांनी पाठवलेली वस्तू उत्तम आहे, तिच्यात नाव ठेवायला जागा नाही (एवढं त्यांना मोठ्याने वाचून दाखव, पुढचं तुझ्यापुरतं ठेव). गरज तर होतीच. बाबांनी पोस्टमनकीची सगळी वर्षं कुत्र्यांच्या पुढे पळण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर एक कुत्रा पाळला, यातलं मला आजवर काही कळलेलं नाही. पण दोघांचं जमलं हे खरं. सकाळी बाबांची जुनी फेरी असते, त्याच गल्ल्या, तीच दारं, फक्त हातात पत्रं नाहीत. मुकादम पुढे चालतो आणि कोण काय करतंय ते बघत जातो, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. घोटाळा व्हायचा तो दुपारी. बाबा आडवे झाले की हा एकटाच रस्ता ओलांडून दवाखान्यात जाऊन उभा राहायचा. चावणं नाही, भुंकणं नाही, नुसता उभा राहून एकेकाच्या तोंडाकडे बघायचा. आता तूच सांग, दातांच्या डॉक्टरकडे आलेला माणूस आधीच पळून जायला निमित्त शोधत असतो. त्याला हे आयतं मिळालं. बाई दार उघडून 'या' म्हणायच्या तर खोली रिकामी, आणि मध्ये मुकादम. शेवटी त्या आमच्या फाटकात येऊन शांत आवाजात म्हणाल्या, की पुन्हा हा आत दिसला तर त्या पालिकेची गाडी बोलावतील. ओरडल्या असत्या तर मी विसरलो असतो. शांतपणे म्हणाल्या, त्यामुळे माझी झोप उडाली.

तेवढ्यात भावोजींचं खोकं आलं. मी उघडायच्या आधी माहितीपुस्तिका वाचली, नंतर उघडून वाचली, मग हिला वाचून दाखवली (ती इस्पितळातून नर्सची ड्यूटी करून आली होती, ऐकता ऐकता बसल्या जागी झोपली). तुला थोडक्यात सांगतो. अंगणाच्या कडेने जमिनीत एक तार पुरायची. तिची दोन्ही टोकं भिंतीवरच्या डबीला जोडायची. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालायचा. कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा आधी पिप् पिप् वाजतो, आणि तरीही पुढे गेला की मानेला बारीकसा झटका बसतो. कुंपण दिसत नाही, पण कुत्र्याला ते कळतं. तार कुठे आहे ते त्याच्या लक्षात यावं म्हणून सुरुवातीला पांढऱ्या झेंड्या रोवायच्या. आमचं अंगण एखाद्या मिरवणुकीची तयारी चालल्यासारखं दिसत होतं, आणि येणारा जाणारा विचारत होता की कोण येणार आहे.

पुस्तिकेत बारीक अक्षरात असंही होतं, की पट्टा आधी स्वतःच्या हातावर लावून पाहावा. चष्म्याच्या दुकानात बारीक अक्षर हाच माझा धंदा आहे, म्हणून ते माझ्याच नशिबी आलं. बोलावलेला वायरमन चर खणून, तार पुरून, कुदळ बाजूला टाकून पाणी पीत होता. मी पट्टा डाव्या मुठीत धरला आणि झेंडीकडे चालू लागलो. पिप् वाजलं. मला वाटलं, थांबावं. पण वायरमन बघत होता. मी आणखी एक पाऊल टाकलं, आणि पुढचं मला आठवतं ते असं की पट्टा गुलाबात पडला होता आणि मी कुदळीवर बसलो होतो, उजवा हात तिच्या पात्यावर टेकून (पट्टी त्याचीच). झटका लहानच असतो, आक्का, पण तो येणार हे माहीत असताना आला की फार मोठा वाटतो. वायरमनने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे चालू आहे." मजुरी घेऊन गेला.

मुकादम माझ्यापेक्षा शहाणा निघाला. त्याला एकदाच बसला. मग पिप् वाजलं की तो जागच्या जागी वळायचा, आणि वळताना माझ्याकडे असा बघायचा की मी दुसरीकडे पाहायचो. दुपारचं दवाखान्यात जाणं बंद झालं. बाईंनी फाटकाबाहेरून हात हलवला. मी त्या रात्री गाढ झोपलो आणि हिला उठून सांगितलंही की मला झोप लागली होती. बाबा मात्र रोज सकाळी पट्टा काढून त्याला फिरायला न्यायचे, आल्यावर पुन्हा घालायचे, आणि घालताना बोटाने त्याची मान चोळायचे.

आणि मग तो रविवार. वाऱ्याने दोन-चार झेंड्या आडव्या झाल्या होत्या, त्या मी वाकून सरळ करत होतो. उठून वळून बघतो तर मुकादम रस्त्यापलीकडे, गळ्यात पट्टा तसाच, आणि बाबा त्याच्याजवळ उभे, त्याच्या मानेवर हात ठेवून. काय झालं असेल ते मी ताबडतोब ओळखलं. काहीतरी दिसलं असणार, हा भरधाव सुटला असणार, झटका अंगावर घेऊन पार झाला असणार, आणि बाबा त्याला धरायला मागे गेले असणार. मी हाक मारली. तो आला बरं का, फाटकापर्यंत आला. पिप् वाजलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे पाहिलं, आणि परत जाऊन बाबांच्या पायाशी बसला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही तार बाहेर जाणाऱ्याला जशी अडवते तशीच आत येणाऱ्यालाही अडवते. कुत्रा एकदा बाहेर पडला की आपलं घर त्याच्यापासूनच सुरक्षित. मी बाबांना म्हटलं, तुम्ही तरी आत या. ते म्हणाले, "मुकादम आला की येतो." आणि आमचीच घडीची खुर्ची मागवून घेऊन समोरच्या फुटपाथवर बसले.

मी काय काय केलं ते ऐक, म्हणजे भाऊ हातावर हात धरून बसला असं तुला वाटणार नाही. डबी बंद केली. पट्टा काढून कपाटात कुलपात ठेवला. झेंड्या उपटल्या. फाटकात त्याचं भांडं भरून ठेवलं, ते शेजारच्या मांजरीने खाल्लं. कंपनीला फोन लावला, तिथल्या मुलीने अत्यंत गोड आवाजात प्राण्याचं वजन विचारलं, वय विचारलं, घरातून बाहेर पडण्याचं कारण विचारलं. मी म्हटलं कारण कळलं असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता. शेवटी मी आणि वायरमनने मिळून मुकादमला उचलून आत आणलं (तो काही हलका नाही; माझी कंबर अजून बोलते आहे). आत आला, पाणी प्याला, बाबांच्या खोलीत डोकावला, रिकामी कॉट हुंगली, आणि सरळ उठून फाटकातून, तारेवरून, कान न हलवता पार होऊन बाबांच्या खुर्चीशी जाऊन बसला. यावर मी बराच विचार केला. माझा निष्कर्ष असा, की झटक्यामुळे त्याच्या डोक्यात एकेरी वाहतूक सुरू झाली आहे, जायचं माहीत आहे, यायचं विसरला आहे. हिला सांगितलं. ही माझ्याकडे नुसती बघत राहिली. पेशंटकडे बघते तशी.

त्याच संध्याकाळी गारठा पडायला लागला तेव्हा त्याच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मला वाटलं, झालं, आता गाडी येणार. तर त्या बाबांना म्हणाल्या, काका, आत सोफा आहे, त्यालाही आणा. तेव्हापासून दोघं तिथेच आहेत. आणि तिथे काय थाट आहे म्हणून सांगू. येणारा प्रत्येक पेशंट बाबांच्या फेरीतला निघतो. 'तुझ्या आजोबांना मनीऑर्डर यायची, ते सही फार सावकाश करायचे' असं काहीतरी बाबा काढतात, पेशंट कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून ऐकत बसतो, आणि दाढ काढायची वेळ कधी आली ते त्याला कळत नाही. कुणी पळत नाही. बाई खूश आहेत, बाबांना चहा वेळेवर मिळतो. म्हणजे सगळ्यांचं भलं झालं, आणि मी मेलो.

कारण गल्लीत बोलायला लागलेत, आक्का. दुकानात नंबर काढायला बसलेलं गिऱ्हाईक खालची ओळ वाचायची सोडून विचारतं, "वडील हल्ली समोर असतात वाटतं?" मी काच बदलतो आणि विचारतो, आता स्पष्ट दिसतंय का. कुत्रा येत नाही म्हणून वडील येत नाहीत, यावर माझाच विश्वास बसत नाही, गिऱ्हाइकाचा कसा बसेल? बाबांना खोकला झालाय. ही दोन्ही वेळा डबा घेऊन जाते, ताप बघते, ताप नाही म्हणते. पण नर्स घरच्यांना खरं सांगतातच असं नाही. मी दिवसातून कितीदा तरी जाऊन येतो. ते हसून 'ये, बैस' म्हणतात, पाहुण्याला म्हणतात तसं, आणि मला तिथे रडू येतं. घरी सकाळी मी सवयीने तीन कप ठेवतो. एक परत फडताळात ठेवताना फार वाईट वाटतं.

तेव्हा एवढंच कर. भावोजींना, त्यांच्या भेटीला न दुखावता, विचार, की झटका बसलेल्या कुत्र्याला ते विसरायला लावायचा काही उपाय असतो का. त्यांच्या ओळखीत जनावरांचे डॉक्टर आहेत ना? थंडी वाढायच्या आत कळव. गुडघ्याला जप.

तुझा,
काळजीने अर्धा झालेला धाकटा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. वायरमनला बोलावून तार जमिनीतून उखडून काढली. मुकादम समोरून सगळं बघत होता. शेवटचं टोक निघालं तसा तो उठला, रस्ता ओलांडून आला, मोकळा चर हुंगला, वायरमनच्या पिशवीत तोंड घातलं, अख्ख्या अंगणात फिरला, आणि परत गेला. म्हणजे माझा एकेरी वाहतुकीचा निष्कर्ष चुकला. भावोजींना काही विचारू नकोस.

ता. क. दुसरा. आज ही बाबांकडे बराच वेळ बसून आली. तिने सरळच विचारलं, जे मला सुचलं नव्हतं. मुकादम आधी गेलाच नव्हता, आक्का. बाबा गेले. बूट घालून, मफलर घेऊन, काही न बोलता फाटकातून निघून गेले, आणि पट्टा गळ्यात असलेला तो झटका खाऊन त्यांच्यामागे गेला. त्या रविवारी मी झेंड्या रोवता रोवता तुझ्याशी बोलत होतो, हात मातीचे म्हणून फोन पायरीवर ठेवून, आवाज मोठा करून. तू विचारलंस, पट्टा लागू पडला का. मी म्हटलं, झकास. तू म्हणालीस, मग बाबांनाही एक मागव, न सांगता कुठे कुठे जातात ते तरी थांबेल. आणि मी म्हटलं, त्यांच्या मानेचं माप घेऊन ठेवतो. आपण दोघंही हसलो. बाबा दारात बूट घालत होते.

हिला ते रागाने काही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, की तुम्ही मुलं काळजीपोटीच करता, ते मला कळतं. पण कुत्र्याला निदान आधी पिप् ऐकू येतं.

तर खरं काम हे आहे. तू ये. भावोजींना आणू नकोस, काही वस्तू आणू नकोस, गुडघा दुखत असला तरी ये. तू मोठी आहेस, बोलायचं तू, मी तुझ्या मागे उभा राहीन. हे कळल्यापासून मी समोर गेलेलो नाही. दुपारपासून दुकान बंद करून फाटकात उभा आहे. रस्ता जेमतेम दोन गाड्या जातील एवढाच आहे, आणि तारही आता उरलेली नाही, पण माझं पाऊल पुढे पडत नाही.