बागेतलं 'बघू'

शुक्रवार, संध्याकाळ. अल खोर.

इंग्लंडहून परतून आठवडा झाला, तरी ती बाग डोक्यातून जात नाही. लेकीनं, रियानं, मला तिथल्या खेड्यातली एक जुनी हवेली आणि तिची बाग दाखवायला नेलं होतं. एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी रिया गुलाबांच्या ताटव्यापाशी थांबली आणि मराठीत म्हणाली, "पप्पा, इथंच राहा ना माझ्याकडे." चक्क मराठीत! आणि मी काय म्हणालो? "बघू." तिची आई गेल्यापासून इथं आखातात, या घरात बोलायला कुणी नाही, तरी बघू? हो म्हणायला काय झालं होतं?

आज तेच सांगायला धीर करून फोन लावला. ती गडबडीत होती.

"पप्पा, एनीथिंग अर्जंट?"

"नाही गं," म्हणालो. "सहज केला."