गंगूच्या डब्याचं झाकण

उदगीर,
दि. २३ जानेवारी २०२५

चि. सौ. शिल्पा हिला अण्णांचे आशीर्वाद.

लातूरला तुझ्या भावाकडे सगळे बरे असतील. इकडे हरभरा घाट्यावर आलाय. शाळेमागच्या बोरीला बोरं लागली की मला चौथीचं पुस्तक आठवतं, त्याच्या पानांचा वास, आम्ही एका सुरात म्हणायचो त्या कविता. पण आज त्यात रमत नाही. फोन केला असता, पण घरात फोनवर बोललेलं संगमेशच्या कानावर जातं, आणि बाजारात उभं राहून एवढं सगळं बोलवत नाही.

तुझी गंगू जेवते, शाळेत जाते. बोलणं परवापर्यंत हूं आणि न्हाई, एवढंच होतं. दर मंगळवारी आम्ही दोघं मुखेडवरून जाणाऱ्या एसटीनं नांदेडला उजमा मॅडमकडे जातो. लहान मुलांच्या मनावर उपचार करतात त्या. तू त्यांना पाहिलं नाहीस.

मला वाटायचं, बाई विचारतील, पोरगी उत्तर देईल. पाठ केलेलं तेवढं ती म्हणायची, म्हणून मी तिच्याकडून चिमणीची कविता हातवाऱ्यांसकट पाठ करून घेतली. तिनं ती एका दमात म्हणून टाकली. मॅडम हसल्या. "ही अज्जाच्या आवडीची दिसते. तुझ्या आवडीचं इथं काय हाय, ते तू बघ. बोलायलाच पाहिजे असं न्हाई." आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं. कवितेपायी वर्गाबाहेर जायची माझी ही पहिलीच वेळ.

मॅडम जमिनीवर बसतात. गंगू मातीची माणसं करते, मोडते. त्या मोडू देतात. वेळ संपत आली की आधी सांगतात, एकदम उठवत नाहीत. मग माणसं तिच्या डब्यात जातात आणि झाकण गंगूच लावते. दुसरं कुणी तो डबा उघडत नाही. "खोलीतलं खोलीत राहील. तुला कुणी इजा करत असेल तरच मी मोठ्यांना सांगेन," हे त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. दिवाळीनंतर ती त्या माणसांशी कुजबुजायला लागली. काय, ते मॅडमनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

परवा संगमेश सोबत आला.

"काय बनवती ती, फोटो काढू द्या. वकिलाला पाहिजे."

"डबा तिचा आहे, दादा."

"तिच्यासाठीच तर करून राहिलो ना, मॅडम," म्हणत त्यानं झाकणाला हात घातला. मॅडमनी डबा छातीशी ओढून धरला.

गंगू रडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. संगमेश पाय आपटत निघून गेला, तरी वळली नाही. मॅडम तिच्या शेजारी, तशाच भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. दार उघडं होतं म्हणून मला दिसलं. तेव्हापासून हूंसुद्धा नाही.

आता कळलं की सोमवारी मॅडमना कोर्टात बोलवा, असा अर्ज तुझ्या वकिलांनीही दिलाय. तुझं चुकलं म्हणत नाही. पोरगी तुझ्याकडे यावी म्हणून तू आणखी काय करणार? पण आईबापांनी मिळून तो डबा उघडला, तर ती पुन्हा कुणापुढे झाकण काढायची नाही.

तू म्हणशील, म्हातारा लेकाला वाचवून राहिला. म्हण.

महालक्ष्म्यांच्या दिवशी संगमेशनं तुला ढकललं आणि चौकटीचा कोपरा तुझ्या कपाळात गेला, तेव्हा गंगू ताट धरून उभी होती. मी पाट मांडत होतो. "पाय घसरला," असं तो येईल त्याला सांगत गेला आणि मी मान हलवत गेलो. पोरगी दोघांच्या तोंडाकडे बघत होती. त्याच आठवड्यात तिचं बोलणं थांबलं. मॅडमना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आज सकाळी बाजारात जाऊन मी फोन केला आणि सांगितलं.

जे मी डोळ्यानं पाहिलंय, त्यासाठी सात वर्षांच्या लेकराचं झाकण कशाला उघडायचं? अर्ज मागे घ्यायला लाव. सोमवारी मी लातूरला येतो. उभा राहून मी सांगतो.

संगमेशला रविवारी सांगेन, त्याचं जेवण झाल्यावर. त्यानंतर या घरात माझं कसं, ते आता डोक्यात घेत नाही.

मंगळवारी मात्र गंगूला नांदेडला न्यायचं, पोरगी कुणाकडेही राहो. मॅडम म्हणाल्या, भिंतीकडे तोंड करून बसली तरी चालेल, फक्त येऊ द्या. डबा त्यांनी होता तिथंच ठेवलाय.

गंगूचा अज्जा, आणि सोमवारी तुझा साक्षीदार,
अण्णाराव