दाराला किती माणसं लागतात

३ मार्च, मंगळवार

विकली! कॅन्टीनमध्ये सूप घेत होतो, तेव्हा टीव्हीवर कळलं. आमची सेब्योल मोटर्स आता परदेशी लोकांची. सत्तावीस वर्षं इथं दारं बसवतोय, आणि मला कोण सांगतं – तर बातम्या वाचणारी बाई! माझ्या जोडीचा दोल-सू म्हणाला, "दादा, आपल्याला गाडीबरोबर विकलंय की सुट्या भागांत?" कोणी हसलं नाही.

९ मार्च, सोमवार

गेटवरचा कंपनीच्या खुणेचा तारा उतरवला. क्रेन लावून. म्हातारा पहारेकरी टोपी काढून बघत उभा होता. आमच्या पहिल्या गाडीच्या बॉनेटवर हाच तारा होता, आई तो रोज सकाळी पुसायची. कुठल्याही गावात टॅक्सीत बसलो आणि सेब्योलमध्ये आहे म्हटलं की ड्रायव्हर म्हणायचा, "मग मागं कशाला? पुढं बसा." आता काय सांगू?

१७ मार्च, मंगळवार

नव्या मॉडेलची पहिली गाडी लाइनवरून उतरली, पण पूजा करायची नाही! भिंतीवर नोटीस – कारखान्यात खाद्यपदार्थ व मद्य आणण्यास मनाई. पूजेत मांडलेल्या डुकराच्या डोक्यापुढं वाकल्याशिवाय इथून आजवर एकही मॉडेल बाहेर पडलेलं नाही.

दोल-सू ऐकतोय होय! बाजारातून डोकं आणलं आणि गेटबाहेर स्वतःच्या जुन्या सेब्योलपुढंच मांडलं. चारी चाकांवर तांदळाची दारू ओतली. "बघ दादा, हसरं बघून आणलंय. नव्या साहेबांपेक्षा याचं तोंड बरं." आम्ही दोघं डांबरावर गुडघे टेकून वाकलो. मी एकच मागितलं – आम्हा दोघांना इथंच, त्याच दारापाशी म्हातारं होऊ दे.

२६ मार्च, गुरुवार

मार्टेन नावाचा नव्या मालकांचा इंजिनिअर आमच्याकडं आला. मायक्रोफोन घेऊन! आम्ही रोजचंच काम दाखवलं. दोल-सू बाहेरून दार खांद्यावर तोलतो, मी आत बसून डोळे मिटून ऐकतो. मी "केसभर वर" म्हटलं की तो केसभरच उचलतो. मग बिजागरी आवळायची. दार लागताना पत्र्याचा खणखणाट नाही, मऊ 'थुप' झालं पाहिजे. दुभाषी म्हणाली, "साहेब म्हणतात, तुमच्या कानासारखं यंत्र त्यांच्याकडं नाही."

मी हवेत! त्याला थेट घरी जेवायलाच नेलं. दोन वाट्या भात खाल्ला पठ्ठ्यानं. तो गेल्यावर ओक-जू म्हणाली, "अहो, इतकं फुगू नका. तो जेवत कमी होता, वहीत लिहीत जास्त होता." बायकोला माणसाचं कौतुक कधी सोसतं का?

२ एप्रिल, गुरुवार

फॉर्मचा शेवटचा दिवस. नव्या मालकांनी सोमवारी सगळ्यांना वाटले होते. प्रश्न : तुमच्या कामाला कमीत कमी किती माणसं लागतात? त्यात सर्वांत कुशल कोण? आपल्यात स्वतःचं नाव कोणी लिहीत नाही. थोरल्याचं लिहायचं, नाहीतर जोडीदाराचं. दोल-सू तर मंगळवारीच देऊन मोकळा झाला. "काय लिहिलंस रे?" विचारलं. "खरं तेच."

मी लिहिलं – एक. प्यो की-थे. खाली सही, माझ्या नावाचा शिक्का. या लोकांना खोटा विनय कळत नाही म्हणे, स्पष्ट लिहावं लागतं.

२० एप्रिल, सोमवार

कामावरून काढायच्या लोकांची यादी लागली. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांना सगळे 'मेलेले' म्हणतात, उरलेले 'जिवंत'. दार विभागात एकच माणूस ठेवणार. मी जिवंत. दोल-सू मेला.

माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "दादा, जेवलास का?"

२१ एप्रिल, मंगळवार

माणसं ठेवण्या-काढण्याचं बघणाऱ्या साहेबाकडं गेलो. हा आपलाच, परदेशी नव्हे. म्हटलं, फॉर्म चुकला, दोन लिहायचं होतं. त्यानं फॉर्म समोर टाकला. "अक्षर तुमचंच ना, प्योसाहेब?" मी गुडघ्यांवर बसलो! त्रेपन्न वर्षांचा माणूस, गालिच्यावर! त्यानं फोन उचलला आणि खुर्ची खिडकीकडं फिरवली.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज माझी तेरा दारं नापास. बाहेर राहून उचलू की आत बसून ऐकू?

२९ एप्रिल, बुधवार

'मेलेले' रोज गेटवर डोक्याला लाल पट्टी बांधून धरणं धरतात. आम्ही कंपनीच्या बसनं आत जातो. गेट आलं की आमचेच लोक बसचे पडदे ओढतात. मी फटीतून पाहिलं. दोल-सूनं हात हलवला. मी मान खाली घातली.

मी त्याला मारलं. एक आकडा लिहून. हे इथं लिहितोय, कारण त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. ताट समोर आलं की तसंच मागं सरकवतो. ओक-जू विचारते, मी पोटाचं निमित्त सांगतो.

४ मे, सोमवार

आज कामावरून सुटल्यावर दोल-सूच्या घरी गेलो. दाराशीच सगळं सांगून टाकलं – फॉर्म, एक, माझं नाव. वाटलं, थोबाडीत मारेल. मारावी असंच वाटत होतं. तो लसूण सोलत होता. सोलतच राहिला. मग म्हणाला, "दादा, आत ये. तुझं तोंड किती उतरलंय. आधी जेव." दक्षिणेत गोदीवर काम मिळतंय, पुढच्या आठवड्यात जाईन म्हणाला. मी जेवलो. रडत रडत दोनदा भात घेतला.

८ मे, शुक्रवार

ऑफिसनं दोल-सूचे कागद त्याला पोचवायला माझ्याकडं दिले. त्यात त्याचा फॉर्म आहे.

कमीत कमी किती माणसं – एक.

सर्वांत कुशल – प्यो की-थे.

तारीख ३१ मार्च. दोन दिवस माझ्या आधीची.